हासेनरोडची त्रेसष्ट घरं

११ नोव्हेंबर २०२४

त्रेसष्टावं घर कागदावर बसलं! दुपारी सव्वातीनला. लोहाराचं घर — ओढ्याच्या वळणावर, चर्चच्या दारापासून तीनशे बारा पावलं. सहा वर्षं गेली या एका नकाशात. गाव हासेनरोड, पूर्व जर्मनी. आणि काढला कुणी? बेबीनंदाबाईंनी, अंबडच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. वाजवा टाळ्या!

यांना हाक मारली. हे पेपर हातात घेऊनच आले. "झालं?" म्हणाले. म्हटलं, झालं. नकाशाकडं बघितलं, माझ्याकडं नाही बघितलं. "चहा टाकू का?" — एवढंच! पस्तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, पण बायकोला शाबास म्हणायला या कंडक्टराला तोंड नाही.

मोबाईलच्या नकाशात ते गाव अजून बघितलेलं नाही. या गावावरचं माझं पुस्तक छापून हातात येईपर्यंत बघणार पण नाही. सदतीस वर्षं पोरांना एकच शिकवलं — आधी पाय, मंग छापील नकाशा. आपलं गाव पावलांनी मोजायचं, कागदावर उतरवायचं, आणि मंगच पुस्तकातला नकाशा उघडायचा. आधी डोकावून बघणाऱ्याचा कागद मी सगळ्या वर्गासमोर फाडायचे. कितीतरी पोरं रडलीत माझ्या हातून. आता मीच चोरून बघू? बिलकुल नाही. हासेनरोडला माझे पाय पोचले नाहीत, पण एकहार्टचे आहेत की तिथं, त्याचंच गाव ते. तो पावलं मोजून लिहितो, मी कागदावर टाकते. सहा वर्षांत एक फोटोसुद्धा मागवला नाही.

आज जिलबी आणली. मीच.

१४ नोव्हेंबर

शाळेत बालदिन. माझ्या जागेवर आलेली अर्पिता हुशार निघाली. म्हणे, "बाई, प्रकाशन सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेतच करू. पोरं मातीचं हासेनरोड बनवतील, तुमच्या नकाशावरून." मला एकदम भरून आलं. तिच्यासमोर नाही दाखवलं. म्हटलं, कौलारू छपरं उताराची करा, तिथं बर्फ पडतो.

घरी येऊन प्रस्तावना लिहायला बसले. एकहार्टचं कसं लिहावं? सत्त्याण्णव साल. मी राजूरजवळच्या खेड्यात शाळेवर होते. पाणलोटाच्या कामाला हा उंच गोरा माणूस आल्ता. तिपाईवर दुर्बीण लावून शेताशेतातला उतार मोजायचा. धंद्यानं मोजणीवाला. एक दिवस शाळेत पाणी प्यायला आला आणि भिंतीवरचा पोरांचा नकाशा बघत उभाच राहिला. टोपी काढली. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये सही है. मैं अभी नाप के आया." मंग पोरांच्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला लागले बिचाऱ्याचे, आणि म्हणाला की माझं गाव पण एवढंच आहे.

माझ्या नकाशाला आयुष्यात कुणी टोपी काढली असेल तर त्यानं. साहेब लोक यायचे, सही करून जायचे. हे प्रस्तावनेत लिहायचं का? लिहिणार! कुणाला भिते का मी!

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. बोटाला शाई, तीच नकाशाच्या कोपऱ्याला लागली. स्वतःलाच शिव्या घातल्या. रबरानं गेली थोडी.

२ डिसेंबर

भूगोल पक्का लिहून झाला. एका रस्त्याचं गाव. दोन्ही बाजूंनी घरं, मागं वाड्या, वाड्यांमागं बीटाची शेतं. लोबाख नावाचा ओढा वायव्येकडून येतो, लोहारापाशी वळतो, पूर्वेला जातो. माती काळी — आपल्याकडच्यासारखीच, आणि हातभर खोल! काळीच्या खाली काय लागतं, मुरूम का, असं दोनदा विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. विसरला असेल. ब्याऐंशीचा आहे.

मला सगळ्यात आवडतं ते भट्टीचं. गावाची भाकरीची भट्टी एकच, सामायिक. शनिवारी सगळ्या बाया पीठ मळून आणायच्या. पण पहिला नंबर कुणालाच नको! गार भट्टी तापवायला पहिलीची लाकडं जास्त जळतात. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. आणि गिरणीवाल्याची बायको आपल्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवायची! हे वाचून मी एकटीच किती हसले. अशी एक बाई प्रत्येक गावात असते. आमच्या गल्लीत दोन आहेत.

इतिहास: साडेआठशे वर्षांपूर्वी लांबून आलेल्या शेतकऱ्यांनी जंगल तोडून वसवलं. हासेन म्हणजे ससे, रोड म्हणजे तोडून मोकळी केलेली जागा. तीस वर्षांच्या लढाईत सैनिकांनी दोनदा जाळलं, अकरा माणसं उरली. अकरा! त्या अकरांनी परत बांधलं. १८१३ ला लाइपझिगच्या लढाईतले जखमी शिपाई चर्चमध्ये पेंढ्यावर टाकलेले. १९४५ ला पूर्वेकडून हाकललेली माणसं आली, प्रत्येक घरानं एक खोली दिली. १९७८ ला शाळेवर नवी कौलं. आणि तिथं एकहार्टचा इतिहास संपतो. मी विचारलं, त्यापुढं? उत्तर आलं: "त्यापुढं लिहिण्यासारखं काही घडलं नाही."

मी तसंच लिहिलं. भाग्यवान गाव.

९ डिसेंबर

मुखपृष्ठाला आता फोटो पाहिजे. नकाशा झालाय, म्हणजे फोटोला हरकत नाही. आमेर लाइपझिगला आहे — माझा विद्यार्थी, चौथीत असताना ओढ्याची पावलं मोजता मोजता ओढ्यातच पडलेला. आता मोठा इंजिनियर. तिथून हासेनरोड ट्रेननं तासाभरावर. नकाशा झाल्यापासून मागं लागलेय त्याच्या. आधी म्हणे धुकं आहे. मंग म्हणे ट्रेनवाल्यांचा संप. आज म्हणे, "बाई, सायकल बिघडली."

त्याच्या आईकडं गेले, गौहरकडं. ती म्हणाली, "बाई, काय माहीत हो. तुमच्या गावाचं नाव काढलं की पोरगा बात बदलून राह्यला." म्हटलं, कान पिरगाळ त्याचा. ती म्हणाली, "इतनी दूर से कैसे?" हसलो दोघी. शिरखुर्मा नव्हता पण तिच्या हातचा खाऱ्या पाण्याचा चहासुद्धा चालतो मला.

२४ डिसेंबर

एकहार्टचा निरोप. "आज संध्याकाळी घंटा वाजली. लिंडनच्या झाडावर बर्फ आहे. बेकरीवाल्याच्या नातीनं दाराला हिरव्या फांद्या बांधल्यात." मी दोनदा वाचलं, मंग यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हे ताटातलं तसंच टाकून उठले. "पोटात गच्च वाटतंय," म्हणाले. वय झालं आमचं!

४ जानेवारी २०२५

जालना. मस्तगडला ख्वाजामियाँचा छापखाना. माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका इथंच छापून व्हायच्या, कधी एक पेपर फुटला नाही. छपाईच्या प्लेटा तयार. फक्त मुखपृष्ठावर गावाचं नाव रोमन अक्षरांत टाकायचं होतं. त्यांची मुलगी महजबीन कॉम्प्युटरवर बसते. ती म्हणाली, "बाई, स्पेलिंग बराबर है क्या, देख लेती हूँ." आणि तिनं ते नाव नकाशात टाकलं.

मी ओरडले, "बंद कर ते!" आणि डोळे मिटले. खरंच मिटले, पहिलीतल्या पोरीसारखे. नियम मोडला म्हणून चिडले होते मी. तेवढ्यात ख्वाजामियाँचा आवाज आला — "बाई, इधर तो पूरा पानीच पानी दिखरा."

उघडले डोळे. निळं. सगळं निळं.

म्हटलं, दुसरं गाव असेल या नावाचं. महजबीननं शोधलं. दुसरं नाही. निळ्याच्या मधोमध बारीक अक्षरांत लिहिलेलं: हासेनरोड, १९८१ पर्यंत. तरी मी म्हणत होते, चूक आहे, कुणीतरी चूक केलीय. मंग मला ओढा दिसला. लोबाख. मी काढला तसाच, वायव्येकडून येणारा, तेच नागमोडी वळण. माझ्या हाताला पाठ आहे तो. लोहाराच्या घराच्या अलीकडं तो त्या निळ्यात शिरतो आणि संपतो.

ख्वाजामियाँनी पाणी दिलं. "मशीन रोक दूँ?" म्हणाले. मी मानेनंच हो म्हटलं. परत येताना एसटीत कोण शेजारी बसलं होतं तेही आठवत नाही.

५ जानेवारी

रविवार. आमेरला फोन केला. म्हटलं, "आमेर, हासेनरोड न्हाई तिथं." तो म्हणाला, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

झालं! एवढ्यावर कळलं. बातमी ऐकणारा माणूस "काय?" म्हणतो. "कुणी सांगितलं" म्हणणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. सदतीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्यात मी, मला कोण शिकवतंय!

"कधीपासून माहीत आहे तुला, आमेर?" तर म्हणाला, "बाई, मी दोन वर्षांखाली गेल्तो तिथं. तळं हाये. काकांनी सांगितलं, बाईंपाशी बोलू नको म्हणून."

काका! काका म्हणजे आमचे हे!

फोन ठेवला. हे बाहेर कुंडीला पाणी घालत होते. गुणगुणत होते वर.

६ जानेवारी

काल बोलले नाही. आज सकाळी समोर बसवलं आणि विचारलं, कधीपासून?

"तुझ्या साठीपासून," म्हणाले. माझ्या साठाव्या वाढदिवसाला ते गाव मोठं छापून फ्रेम करून द्यायचं होतं म्हणे. मोबाईलवर बघितलं. "मंग?" "मंग निळं दिसलं." "आणि तोंड शिवून बसलात!" "तू माझा कागद फाडला असता," म्हणाले. थट्टा करत होते! मी हसले नाही. मंग खाली बघत म्हणाले, "रिटायर झाल्यावर आठ महिने तू खिडकीतून हलत नव्हतीस. दहाच्या टोल्याला उठायची, पर्स घ्यायची, आन् परत ठेवायची. मी बघत होतो ना. मंग त्या गोऱ्याचे मेसेज रोज यायला लागले, आन् तू भाजीला मीठ बराबर घालायला लागली. कसं सांगू मी?"

म्हणजे कीव! चांगलंय! नवरा, विद्यार्थी, गौहरला पण ठाऊक असेल — सगळे मिळून बाईला खेळवत होते. बाई आपली पट्टी-पेन्सिल घेऊन बसलीय, बसू द्या, शांत राहते. तेव्हापासून हा माणूस मला जालन्याहून ट्रेसिंगचा कागद आणून देत होता! नीट गुंडाळून, भिजू नये म्हणून पिशवीत घालून. जे गावच नाही त्याच्यासाठी! यापेक्षा एकदा तोंडावर सांगितलं असतं तर मी रडले असते आणि जेवले असते. फसवलं तुम्ही मला, म्हटलं. घरातल्या घरात फसवलं.

"हां," म्हणाले. "फसवलं."

नाही म्हणायला पाहिजे होतं त्यांनी. भांडता तरी आलं असतं.

७ जानेवारी

स्वयंपाक केला. एकाच माणसाचा.

८ जानेवारी

आमेरचा लांबलचक मेसेज. खाली कोळसा होता. त्या हातभर काळ्या मातीखाली. तेव्हाच्या सरकारची उघडी खाण होती, ती सरकत सरकत गावापर्यंत आली. १९८१ साली गाव पाडलं. घरं, शाळा, भट्टी, चर्च, कब्रस्तान — सगळं. माणसं बारा किलोमीटरवरच्या शहरात सिमेंटच्या चार मजली इमारतींत नेऊन ठेवली. कोळसा संपला, खड्ड्यात पाणी भरलं. आता तिथं उन्हाळ्यात लोक पोहायला येतात. काठावर एक दगड आहे, त्यावर गावाचं नाव. एकहार्ट त्याच शहरात राहतो, चौथ्या मजल्यावर.

कोणती घंटा वाजली नाताळला? कोणत्या दाराला हिरव्या फांद्या बांधल्या? चौथ्या मजल्यावर बसून मला पावलं मोजून देत होता! "आज मोजली, तीनशे बारा" — आज!

मी प्रत्येक घराच्या दाराला वेगळी खूण काढलीय. त्यानं सांगितली तशी.

१० जानेवारी

एकहार्टला लिहिलं. रागात मला इंग्रजी फार चांगलं येतं, एक चूक नाही. "मी तुमच्या शब्दाचा कधी पडताळा घेतला नाही. पडताळा घेणं मला शोभलं नसतं, कारण तुम्ही माझ्या पोरांच्या नकाशाला टोपी काढली होती. माझं पुस्तक छापखान्यात थांबलंय. त्यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या शब्दावर उभं आहे. पुढं लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं तुम्ही मला लिहायला लावलंत. मला लाज आणलीत." पाठवून दिलं. परत वाचलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. हे वाटीत तिळगूळ घेऊन समोर उभे. "घे, आन् गोड बोल." मी लाडू घेतला, खाल्ला. बोलले नाही. म्हणाले, "निम्मा तर हिशेब झाला." हसू आलं होतं. दाबलं.

गौहर आल्ती वाणाला. तिला विचारलं तोंडावर. ती रडायलाच लागली. "बाई, कसम से, मला मागच्या हप्त्यात कळलं. मी पोराशी चार दिवस बोलले न्हाई." मंग दोघी बसलो. तिच्यावरचा राग उतरला, एवढा एक तरी कमी झाला.

१९ जानेवारी

एकहार्टचं काही नाही. रोज बघते. निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचलंय. वाचून गप्प बसलाय! मेल्या, निदान माफी तरी माग. खोटं का होईना.

अर्पितेला अजून सांगितलेलं नाही. तिनं फोटो पाठवला — पोरांनी मातीची चाळीस घरं केलीत. छपरं उताराची.

२३ जानेवारी

ठरवलं, शाळेत जाऊन सांगून टाकायचं. कार्यक्रम रद्द. गेले पण. वर्गात पोरं मांडी घालून बदकांसाठी तळं करत होती, चर्चच्या मागचं आग विझवायचं तळं, माझ्या नकाशात आहे ते. हातात फूटपट्टी, तोंडात पावलं. "लोहाराचं कुठं गं?" "तीनशे बारा!" मी अर्पितेला म्हटलं, छान झालंय. आणि परत आले. काय बाई आहे मी!

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. पुस्तक नव्हतंच, छापलंच नाही. अर्पितेला म्हटलं प्रेसचं काम अडलंय, नकाशाच दाखवू. व्हरांड्यात मातीचं गाव मांडलेलं. त्रेसष्ट घरं, एक कमी नाही. ओढ्याला निळा कागद. आईबाप वाकून वाकून बघत होते. आमचे हे मागच्या रांगेत उभे. तीन आठवडे होत आले आमच्या अबोल्याला.

मी उभी राहिले. सांगणार होते. शब्द पाठ करून गेल्ते — पोरांनो, बाईंची चूक झाली, बाईंनी पडताळा घेतला नाही. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी, दोन वेण्यांची, हात वर करून म्हणाली, "बाई, तिथल्या पोरी शाळेत कशानं जातात?"

"चालत," मी म्हटलं. "भट्टीपासून एकशे चाळीस पावलं."

"थंडी न्हाई वाजत?"

"वाजते की. पण आई गरम भाकरीचा तुकडा खिशात घालून देते. हात शेकतात आणि मधल्या सुट्टीत खातात."

हे एकहार्टनं मला कधी सांगितलेलं नव्हतं. मी बनवलं! तिथल्या तिथं, तोंडावर हसू ठेवून. पोरीनं खिशात हात घालून बघितला. सगळे खूश. पाच मिनिटं मी बोलत होते, आणि अख्खं गाव चालू होतं माझ्या तोंडात.

घरी येऊन अंगणात बसले. एकहार्टचा राग कमी झाला म्हणावं तर तसंही नाही. जास्तच आला. किती सोपं आहे हे, आणि मला ते आज कळलं, आणि त्याला सहा वर्षं रोज ठाऊक होतं. हे चहा घेऊन आले. "खिशातली भाकरी चांगली होती," म्हणाले. म्हणजे ओळखलं त्यांनी. त्यांच्याशी बोलले आज. "साखर जास्त झालीय," एवढं बोलले.

३१ जानेवारी

ख्वाजामियाँचा फोन. "बाई, प्लेटें रखूँ या तोड़ दूँ?" म्हटलं, थांबा.

काय करायचं सुचत नाही. खोट्याचं पुस्तक मी छापू शकत नाही, माझं नाव आहे वर. पण घरं तर होती ना? लोहार होता, गिरणीवाल्याची लबाड बायको होती. शेवटचं प्रकरण नवीन लिहायचं — कोळसा, खाण, तळं. खरं ते. आणि त्यासाठी एकहार्ट नको मला आता. त्या गावची दुसरी माणसं असतीलच. आमेरला म्हटलं, शोध. खरं बोलायची एक संधी देतेय तुला.

९ फेब्रुवारी

आमेरचा फोन, रात्री उशिरा. आवाज चढलेला.

गावची माणसं वर्षातून एका रविवारी त्या शहरातल्या चर्चच्या हॉलमध्ये जमतात, कॉफी आणि केकला; आज तोच रविवार होता. आता अकराच उरलेत. आमेरनं माझ्या नकाशाची मोठी प्रत काढून नेली आणि टेबलावर पसरली. बराच वेळ कुणी हात लावला नाही. मंग एक म्हातारी, नव्वदीची, चष्मा लावून वाकली आणि बोटानं चालायला लागली. चर्चपासून. भट्टी. शाळा. एका घरापाशी थांबली, खिडकीवर बोट ठेवलं. "इथं माझा पलंग होता." मंग सगळे तुटून पडले! अक्रोडाचं झाड डावीकडं का उजवीकडं यावर दोघं म्हातारे भांडले. एक जण हसता हसता रडायला लागला. "बाई," आमेर म्हणाला, "तुमच्या नकाशात त्यांना एकपण चूक सापडली न्हाई. झाड सोडून."

मी फोन यांच्यापुढं धरला. यांनी फोन स्पीकरवर टाकला.

मंग त्यांनी विचारलं, इतकी बारीक मापं या भारतातल्या बाईंना दिली कुणी? आमेरनं एकहार्टचं नाव सांगितलं.

"आन् बाई, त्या म्हातारीनं नकाशावरचा हात काढून घेतला. कोट मागितला आन् चालती झाली. एकानं नकाशाची घडी घातली, माझ्या हातात दिली. मी विचारलं, काय झालं? तर मला दार दाखवलं, बाई. केक तसाच राह्यला."

हे म्हणाले, "कायतरी मोठं हाये." मी म्हटलं, काय असेल? "इचार त्यालाच," म्हणाले.

१० फेब्रुवारी

एकहार्टला एकच ओळ लिहिली. "तुमचं नाव ऐकल्यावर गावच्या माणसांनी माझा नकाशा परत का दिला?"

१३ फेब्रुवारी

वाचलंय. उत्तर नाही.

१६ फेब्रुवारी

आलं. इंग्रजीत, पाच ओळी. खाली मराठीत उतरवून ठेवते.

"बाई, खाणीच्या ऑफिसात मी मोजणीवाला होतो. एकोणऐंशी साली साहेब म्हणाले, बाहेरच्याला लोक दार उघडणार नाहीत, गावच्या पोराला उघडतील. उघडली. पाडायची त्रेसष्ट घरं मीच मोजली. सुरुवात आईच्या घरापासून केली."